हौशी विमानांना हवे मैदान आणि मार्गदर्शक

रब्बीची सुगी उरकली की कृष्णाकाठची राने महिना-दोन महिने मोकळी होतात. त्याच सुमारास शाळा-कॉलेजच्या परीक्षाही संपतात. पूर्वी या दिवसांत मुलांच्या हाती पतंगाची चक्री असायची. आता कऱ्हाड, वाळवा, मिरज पट्ट्यात एखाद्याच्या हातात सनबोर्डचे नाहीतर थर्माकोलचे, घरी बनवलेले, रिमोटवर उडणारे विमान असते. ते उडते, एखादे वळण घेते आणि बऱ्याचदा पहिल्याच दिवशी नाकावर आपटते. मोडलेला पंख ग्लू गनने चिकटवायचा आणि पुन्हा उडवायचे, असा हा उद्योग दुपारचे ऊन चढेपर्यंत चालतो.

बांधावरून पाहणाऱ्या मोठ्या माणसांच्या मनात दोनच विचार येतात. काहींना तो पोरखेळ वाटतो, तर काहींना 'ड्रोन' म्हणून संशय येतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत मुलांनाच मोजावी लागते. खेळणे समजले की काळजी घेतली जात नाही आणि बोट, डोळा किंवा घर धोक्यात येते. संशय घेतला की मुले लपूनछपून, एकटीच, आडबाजूला उडवायला जातात आणि तिथे काही झाले तर मदतीला कोणी नसते.

हा विषय आत्ताच मांडण्याला कारण आहे. गेल्या चार-पाच वर्षांत या क्षेत्राचे दरवाजे एकामागून एक उघडले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने ड्रोन नियम अधिसूचित केले आणि आधीचे किचकट परवाने बरेच कमी झाले. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांची आयात मात्र खुली राहिली. त्यामुळे विकत घेण्यापेक्षा जोडून बनवण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला. वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर तो आधी २८ टक्के होता. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले आणि रानावर उडणारे यंत्र हा ग्रामीण भागातल्या रोजच्या बोलण्याचा विषय झाला. कायदा, कर आणि बाजार या तिघांनीही मुलांच्या हाती विमान दिले. ते सुरक्षितपणे उडवायला लागणारे मैदान, शिकवणारा माणूस आणि प्रथमोपचाराची माहिती मात्र कोणी दिली नाही.

विकत घ्यावे की बनवावे?

घरी बनवलेल्या विमानात साधारण सहा गोष्टी असतात. सनबोर्ड, डेप्रॉन किंवा थर्माकोलचा सांगाडा, ब्रशलेस मोटर व तिचा पंखा, मोटरचा वेग सांभाळणारी सर्किट पट्टी, पंख-शेपटीचे पडदे हलवणाऱ्या बोटभर सर्व्हो मोटरी, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि रिमोट व त्याचा रिसीव्हर. पडद्यांना जोडायला बाजारात तारा मिळतात, पण मुले सायकलच्या आऱ्याही वापरतात. रिमोटसकट सगळा खर्च साधारण सात ते दहा हजारांच्या घरात जातो. त्यातला मोठा वाटा रिमोट, बॅटरी आणि चार्जरचा असतो. सांगाड्याचा खर्च शे-दोनशे रुपये, म्हणून आपटले तरी हळहळ वाटत नाही.

विकतचे तयार विमान जोडायला सोपे असते. त्यातल्या जायरोमुळे ते स्वतःचा तोल काही प्रमाणात सांभाळते. पण ते मोडल्यावर दुरुस्त कसे करायचे हे मुलाला माहीत नसते आणि मग ते माळ्यावर जाते. स्वतः बनवलेल्या विमानात प्रत्येक चूक शिकवते. विमानाचे वजन कुठे तोलले जाते हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. साध्या सरळ पंखाच्या विमानात तो बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर हवा. दोन बोटांवर विमान तोलून हे घरीच तपासता येते. बॅटरी जरा मागे सरकली, शेपूट जड झाली, की विमान नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते. पहिल्या दिवशी मोडणाऱ्या कित्येक विमानांचे निदान एवढेच असते.

पालकांनी खोक्यावरचा एक मजकूर मात्र गांभीर्याने वाचावा. अनेक खोक्यांवर '१४ वर्षांवरील मुलांसाठी' असे छापलेले असते. भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. '१४ वर्षांवरील' असे लिहिलेली वस्तू खेळणे म्हणून विकलेलीच नसते. खेळण्यांना ज्या सुरक्षा चाचण्या द्याव्या लागतात त्या तिने दिल्या असतील, असे गृहीत धरता येत नाही. भाचा नऊ वर्षांचा झाला म्हणून वाढदिवसाला असे विमान देणाऱ्या मामाने हे लक्षात ठेवलेले बरे.

कायदा काय म्हणतो?

आपले हौशी विमान कायद्याच्या दृष्टीने मानवरहित विमानच आहे. मात्र नियमांत 'मॉडेल' विमानांची वेगळी व्याख्या आहे. एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, अशी ती व्याख्या आहे. अशा विमानाला नमुना प्रमाणपत्र लागत नाही. वजनाप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र 'नॅनो' आणि त्यावर २ किलोपर्यंतचे 'मायक्रो'. नॅनोसाठी आणि व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मुलांची बहुतेक विमाने या दोन गटांतच बसतात. नोंदणीचा नियम मात्र आहे. सूट गृहीत न धरता तो 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर आधी वाचावा.

तिथेच आकाशाचा नकाशाही मिळतो. हिरव्या भागात १२० मीटर, म्हणजे ४०० फूट उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. कऱ्हाडला धावपट्टी आहे, कोयनेसारखे धरण आहे, चार जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्यामुळे 'आमचेच रान आहे' एवढे कारण पुरत नाही, नकाशा पाहावाच लागतो. याशिवाय राज्य सरकार एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकते आणि यात्रा, निवडणूक किंवा मंत्र्यांचा दौरा असताना स्थानिक प्रशासन मनाई आदेश काढते. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

संशयाचा मुद्दाही खोटा नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पुणे, बीड, अहमदनगर भागांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावे जागी राहिली होती. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात ड्रोनचा वापर साऱ्या देशाने पाहिला. अशा वातावरणात अंधारात दिवे लावून विमान उडवणारा मुलगा अडचणीत येणारच. दिवसाउजेडी उडवावे, पोलीस पाटलांना आणि रानाच्या मालकाला आधी सांगावे, वस्तीवर नेऊ नये आणि कॅमेरा लावू नये. एवढ्याने निम्मे वाद मिटतात.

कायदा आणि हौस यांचे नाते नेहमीच असे अडखळते राहिले आहे. मूळचे पाटण तालुक्यातले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर खरे, माणूस बसू शकेल असे विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. मोठ्या विमानाला जे भोगावे लागले ते छोट्या विमानांच्या वाट्याला येऊ नये, ही अपेक्षा गैर नाही. त्यासाठी हौशी मंडळींनीही नियम पाळून विश्वास कमवायला हवा.

पंख्याची ताकद

आता आरोग्याकडे वळू. एक किलोच्या आसपासच्या विमानाला साधारण १० इंची पंखा असतो. तो मिनिटाला ८ हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३८० किलोमीटर होतो. पाते हलक्या प्लॅस्टिकचे असले तरी या वेगाला ते सुरीसारखे कापते. एका सेकंदात १३० हून अधिक फेरे होत असल्याने, हात मागे घेण्याआधीच पाते अनेकदा लागलेले असते. म्हणून या जखमा एकाशेजारी एक अशा समांतर चिरांच्या असतात. वरून त्या लहान दिसतात, पण आत बोट वाकवणारी शिर किंवा संवेदना नेणारी नस तुटलेली असू शकते. त्यात पात्याचे तुकडे आणि रानातली मातीही असते.

बऱ्याचशा जखमा विमान हवेत असताना होत नाहीत. बॅटरी जोडताना, मोटरची दिशा तपासताना किंवा रिमोटचा दांडा चुकून ढकलला गेल्याने त्या घरात, टेबलावर होतात. यावर एकच खात्रीचा उपाय आहे. जोडणी आणि तपासणी चालू असताना पंखा काढून ठेवायचा आणि मैदानावर गेल्यावर, उड्डाणाच्या आधी लावायचा. रिमोट आधी चालू, विमानाची बॅटरी नंतर. उतरल्यावर विमानाची बॅटरी आधी काढायची, रिमोट नंतर बंद करायचा. रिमोटचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप थांबेल अशी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये करता येते. ती केली आहे का, हे जमिनीवर कोणीतरी विमान मागून घट्ट धरून आणि रिमोट बंद करून एकदा तपासावे.

हवेतल्या विमानाचा धोका आकड्यांत पाहू. एक किलोचे विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा साधारण ११२ ज्यूल होते. वेगवान गोलंदाजाचा ताशी १३३ किलोमीटर वेगाचा चेंडू जवळपास तेवढीच ऊर्जा घेऊन येतो. फलंदाज हेल्मेट आणि पॅड घालून उभा असतो. बांधावर उभी असलेली लहान बहीण तशी नसते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिमोटवरचे हेलिकॉप्टर उडवणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाचा त्याच्याच यंत्राच्या पात्याने जीव गेला. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये शेजाऱ्याचा ड्रोन झाडाला धडकून गरगरत आला आणि दीड वर्षाच्या बाळाचा डोळा कायमचा गेला. अशा घटना विरळ आहेत. पण दोन्ही उदाहरणांत यंत्र उडवणारे नवशिके नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना फसवते. विमान आपल्यापासून दूर जात असताना उजवीकडचा दांडा त्याला आपल्या उजवीकडे नेतो. तेच आपल्या दिशेने येऊ लागले, की ते आपल्या डावीकडे जाते. मेंदूला ही उलट सवय लागायला वेळ लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी विमान बघ्यांकडे येत असते. संगणकावर किंवा मोबाइलवर उड्डाणाचे सिम्युलेटर मिळतात. त्यावर काही तास घालवल्याशिवाय खरे विमान हाती देऊ नये. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा घालूनच उडवावे. फिट्स येणाऱ्या मुलाने रिमोट एकट्याने हाताळू नये.

बॅटरी: सर्वांत दुर्लक्षित धोका

विमानाच्या लिथियम पॉलिमर बॅटरीला कडक कवच नसते. तीन सेलच्या २२०० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा असते आणि ती काही मिनिटांत मोटरला द्यायची तिची क्षमता असते. नेमकी हीच क्षमता बिघाडाच्या वेळी घातक ठरते. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाला, ३ व्होल्टच्या खाली उतरला, आपटून आतून चेपला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, तर सेल तापतो, फुगतो, धूर सोडतो आणि पेट घेतो. त्या धुरात श्वसनमार्गाला आणि डोळ्यांना झोंबणारे विषारी वायू असतात. बंद खोलीत तो धूर आगीइतकाच वाईट.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक सेल वेगळा मोजून भरणारा बॅलन्स चार्जर वापरावा. चार्जिंग फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, कोणीतरी जागे आणि समोर असताना करावे. रात्री लावून झोपू नये. बॅटरी आपटली असेल तर ती मोकळ्या जागी ठेवून अर्धा तास नजर ठेवावी. फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून 'गॅस काढणे' हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. आठवडाभर उडवायचे नसेल, तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता ठेवावी. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत बॅटरी ठेवू नये. सातारा-सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात ही चूक सहज होते.

जोडकामातही काही बारीक धोके असतात. झटपट चिकटणारा गोंद पापण्यांवर उडाला तर पापण्या ओढून उघडू नयेत. कोमट पाण्याची ओली पट्टी ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. हाच गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर चांगलाच तापतो आणि भाजू शकते, म्हणून तो कापसाने पुसू नये. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना निघणारा धूर हुंगू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सोल्डरिंगच्या तारेत बहुधा शिसे असते. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नये आणि लहान भावंडांना त्या टेबलापाशी येऊ देऊ नये.

आपल्या मुलखातले धोके

परदेशी व्हिडिओंमध्ये विमान हिरवळीवर उतरते. आपल्याकडे ते उसात, विहिरीत, विजेच्या तारेवर किंवा नदीच्या काठी पडते. सातारा-सांगलीत विमान उडवण्यापेक्षा पडलेले विमान आणायला जाणे अधिक जोखमीचे ठरू शकते.

शिवारातून जाणाऱ्या विजेच्या तारांवर अडकलेले विमान काठीने, त्यातही लोखंडी पाइपने किंवा ओल्या बांबूने काढायला जाऊ नये. उच्चदाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श न होताही धक्का बसू शकतो. विमानातली कार्बन फायबरची दांडीही वीज वाहून नेते. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे आणि विमानाची आशा सोडावी. पाचशे रुपयांच्या मोटरसाठी जीव घालवण्यात शहाणपण नाही.

उसाच्या फडात घोणस, नाग, मण्यार यांचा वावर असतो. पाचटात पडलेले विमान शोधायला चपला घालून धावणारा मुलगा सर्पदंशाच्या वाटेवर असतो. घोट्यावर येणारे बूट, पुढे आपटत जायची काठी आणि सोबत एक मोठा माणूस हवा. दंश झालाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव न हलवता १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास नंतर भरून काढता येत नाही.

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात भिलवडी, औदुंबर परिसरात मगरी आहेत आणि त्यांचे हल्लेही झाले आहेत. पाण्यात पडलेल्या विमानामागे नदीत उतरू नये. कठडा नसलेल्या विहिरींच्या जवळचे रान निवडूच नये, कारण उडवणाऱ्याची नजर वर असते आणि पाय मागे जात असतात. साताऱ्याच्या पठारांवर वारा जोराचा आणि फसवा असतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नाहीत. हलक्या विमानाला पहाटेची, वारा पडलेली वेळ बरी.

जखम झाली तर

पात्याने कापल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब द्यावा, हात उंच धरावा आणि किमान दहा मिनिटे सारखे उघडून पाहू नये. बोटातली अंगठी लगेच काढावी. हळद, कॉफी, चुना, तंबाखू यांतले काहीही लावू नये, कारण ते काढताना जखम आणखी बिघडते. दोरीने करकचून आवळू नये. बोटाचे टोक बधिर वाटले किंवा बोट पूर्ण वाकत-सरळ होत नसेल, तर जखम लहान दिसली तरी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जावे. बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात बुडवू नये. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

डोळ्याला पाते किंवा तुकडा लागला असेल तर डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेली वस्तू ओढू नये आणि थेंब टाकू नयेत. कागदी कपाचा तळ डोळ्यावर अलगद, दाब न येईल असा चिकटवावा आणि नेत्रशल्यचिकित्सकाकडे तातडीने जावे. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. भाजल्यास वीस मिनिटे वाहते साधे पाणी हेच औषध. टूथपेस्ट, शाई, तूप यांनी भाजलेल्या भागाचे नुकसानच होते.

छंद बंद करायचा का?

एवढे धोके वाचून एखादा पालक विमान जप्त करील. तो निर्णय चुकीचा ठरेल. पडद्यासमोर तासन्‌तास बसणाऱ्या मुलाला उघड्यावर नेणारे छंद आता मोजकेच उरले आहेत. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या प्राथमिक शाळांत रोज ४० मिनिटे मुलांना वर्गाबाहेर नेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण त्या शाळांत सुमारे ३० टक्के, तर इतर शाळांत सुमारे ४० टक्के निघाले. विमानाने चष्मा टळतो असा याचा अर्थ नाही, पण उजेडात जाण्याचे प्रत्येक निमित्त डोळ्यांच्या हिताचे आहे. हाताचे कसब, मोजमाप, चूक शोधण्याची चिकाटी आणि अपयश पचवण्याची सवय हा वरचा लाभ. उद्या फवारणीचा किंवा औषधे पोहोचवणारा ड्रोन दुरुस्त करणारे हात यातूनच तयार होणार आहेत. पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने ३०० करोना लशी पोहोचवल्या गेल्या. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात रुग्णांना आजही होडीवर विसंबून राहावे लागते, हे ठाऊक असणाऱ्यांना या कौशल्याचे मोल वेगळे सांगायला नको.

या दोन जिल्ह्यांत साधनांची वानवाही नाही. १९१० पासूनची किर्लोस्करवाडी इथेच आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे आणि साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात विमानाच्या प्रतिकृती बनवणे हा विषयच आहे. म्हणजे शिकवू शकणारी माणसे आणि कार्यशाळा आहेत. त्यांना गावातल्या एकट्या मुलाशी जोडणारा दुवा नाही.

तो दुवा उभारायला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक तालुक्यात नकाशावर हिरव्या भागात असलेले, तारा-विहिरींपासून दूरचे एक मैदान रविवारी सकाळी दोन तास या छंदासाठी ठरवून द्यावे. जिल्हा क्रीडा कार्यालय, जवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा आयटीआय आणि पोलीस ठाणे यांनी मिळून हे करता येईल. तिथे एक जाणता माणूस, वाळूची बादली, प्रथमोपचाराची पेटी आणि बघ्यांसाठी आखलेली चुन्याची रेघ असावी. उडवणारे रेघेच्या एका बाजूला, बघे दुसऱ्या बाजूला आणि विमान कधीही बघ्यांच्या डोक्यावरून नाही, एवढा एक नियम काटेकोर पाळला तरी गंभीर अपघातांची शक्यता बरीच घटेल.

रुग्णालयांनीही आपला वाटा उचलायला हवा. अशी जखम आली की केसपेपरवर फक्त 'हाताला कापले' असे न लिहिता कशाने, कुठे आणि काय करताना हे एका ओळीत लिहावे. रिमोटच्या विमानाने किती बोटे जायबंदी झाली, घरात चार्जिंग करताना किती जण भाजले, हे कळल्याशिवाय नियम कुठे घट्ट करायचे आणि कुठे सैल, हे प्रशासनाला ठरवता येणार नाही. आकडे नसले की भीतीपोटी सरसकट बंदी येते, आणि बंदी आली की मुले पुन्हा आडबाजूला जातात.

येत्या सुट्टीत घरात असे विमान येणार असेल, तर पालकांनी खरेदीच्या यादीत चार गोष्टी आधी घालाव्यात: बॅलन्स चार्जर, डोळ्यांवरचा साधा संरक्षक चष्मा, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलाबरोबर रानात जायला स्वतःची रविवारची सकाळ.